ऑनलाइन बाजारातल्या शेजारणीशी बोलायचं का?

(रेडिओवर झालेलं बोलणं, छापण्यासाठी थोडं आवरून.)

राजारामपुरीतल्या आमच्या खोलीतून आम्ही बोलतोय. भाकऱ्या व्हायच्या असतील, लसूण सोलायचा असेल, तर हात चालू ठेवा आणि कान तेवढे इकडं द्या.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. एका गटानं फोन करून विचारलं, "आमच्यासारखाच माल विकणारा दुसरा गट साइटवर दिसतोय. त्यांना सरळ फोन लावला तर चालतं का? का आमचंच खातं बंद होईल?" असाच प्रश्न आणखी दोन गटांनी विचारला होता. म्हणून म्हटलं, एकदा नीट बोलूया.

आठवडी बाजारात बसल्यावर हा प्रश्न आपल्याला पडत नाही. शेजारी दुसरी भाजीवाली बसलेली असते. सुटे पैसे नसले की तिच्याकडून घेतो. चहाला जाताना "जरा बघ गं माझ्या मालाकडं" म्हणतो. पाऊस आला की एकाच ताडपत्रीखाली दोघींची भाजी जाते. ती आपलं गिऱ्हाईकही ओढते आणि आपल्याला सांभाळूनही घेते. इथं राजारामपुरीच्या मोठ्या रस्त्यावर कापडाची दुकानं एकाला एक लागून आहेत, तिथंही तेच चालतं. ऑनलाइन बाजारातसुद्धा शेजारीण असतेच. फक्त तिचं तोंड दिसत नाही, तिचा दर तेवढा दिसतो. आणि नुसता दर दिसला की शेजारीण वैरीण वाटायला लागते.

उत्तर आधीच सांगून टाकतो. बोलायला बंदी नाही. दोन विक्रेत्यांनी एकमेकांशी बोलू नये असा आपल्या देशात कायदा नाही. पण कुठून बोलायचं आणि कशाबद्दल बोलायचं, याला मात्र नियम आहेत. ते मोडले तर नुकसान होतं. हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आम्ही स्वतः ठेच खाल्लीय.

आमची ठेच

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्यातल्याच काहीजणींचा कांदा-लसूण मसाल्याचा गट आहे. गाव कागल तालुक्यात, पण कुरियर जवळ पडतो म्हणून पार्सलं या खोलीतून जातात. चैत्र लागला होता. वर्षाचा मसाला भरायचे दिवस, म्हणजे आमचा सुगीचा काळ.

एके दिवशी एकीनं फोन पुढं धरला. साइटवर दुसऱ्या गटाचा मसाला आणि फोटो आमचाच. तीच पितळी वाटी, तोच लालभडक मसाला, शेजारी त्याच लसणाच्या पाकळ्या. आणि दर आमच्यापेक्षा वीस रुपयांनी कमी! आमचं डोकंच फिरलं.

त्या साइटवर गिऱ्हाइकानं विक्रेत्याला प्रश्न विचारायची एक खिडकी होती. तिच्यातून आम्ही त्या गटाला लिहिलं, "आमचा फोटो काढा. दर तीनशे करा. आम्हीही तीनशेच ठेवतो. दोघींनी त्याच्या खाली उतरायचं नाही." उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा लिहिलं. मग तिसऱ्यांदा लिहिलं, जरा रागानंच.

चौथ्या दिवशी साइटकडून नोटीस आली. गिऱ्हाइकांची खिडकी भलत्या कामाला वापरली आणि दुसऱ्या विक्रेत्यावर दराचा दबाव आणला, असं त्यात होतं. चौकशी होईपर्यंत खातं थांबवलं. अकरा दिवस. बांधलेली पार्सलं कोपऱ्यात पडून राहिली. विकलेल्या मालाचे पैसे अडकले. मिरचीवाल्याला द्यायचे पैसे गटाच्या बचतीतून काढावे लागले, आणि त्या महिन्यात ज्या दोघींना कर्ज हवं होतं त्यांना "थांबा" म्हणावं लागलं. आमच्यातल्या एक काकी म्हणाल्या, "मी तर घाबरलो बाई. आता पोलीस येत्यात म्हणून दोन रात्री झोपलो न्हाई."

पोलीस कुणी आले नाहीत. आम्ही चूक लिहून कबूल केली, खातं सुरू झालं. पण खरी शरम पुढंच होती. आम्ही त्या गटाचं मसाल्याचं एक पाकीट विकत मागवलं. लेबलवर फोन नंबर होता. फोन लावला. पलीकडच्या ताई आधी कडक बोलल्या, मग हसायलाच लागल्या. त्यांचा गट आणि आमचा गट एकाच प्रशिक्षणाला बसलेला, फक्त दिवस वेगळे. शिकवणाऱ्यांनी नमुना म्हणून एक फोटो सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तो त्यांनीही लावला, आणि आमचं खातं उघडून देणाऱ्या मुलीनंही लावला. बाकीच्या आम्ही तो आपलाच समजून बसलो होतो. हा फोन आधी केला असता, तर ते अकरा दिवस वाचले असते.

त्या अकरा दिवसांत आम्ही जाणत्यांना विचारलं, नियम वाचून घेतले. ते आता एकेक करून सांगतो.

खिडकी गिऱ्हाइकाची आहे

पहिली गोष्ट, साइटवर प्रश्न विचारायची जी सोय असते ती गिऱ्हाइकासाठी असते. माल कधी येणार, तिखट किती आहे, पाकीट फुटलं तर काय, एवढ्यासाठी. बहुतेक मोठ्या साइटी खातं उघडतानाच आपल्याकडून काही गोष्टी मान्य करून घेतात. गिऱ्हाइकाला साइटच्या बाहेर ओढायचं नाही. दुसऱ्या विक्रेत्याच्या मालाची, नावाची, स्टारांची खराबी करायची नाही. खोटे रिव्ह्यू लिहायचे-लिहवायचे नाहीत. आपण ते न वाचता "मान्य" दाबून मोकळ्या होतो. कुणाच्या तरी भाच्यानं दाबलेलं असतं, आणि भाचा पुण्याला.

तर एक काम करा. गटाच्या पुढच्या बैठकीत साइटचे विक्रेत्यांसाठीचे नियम मोठ्यानं वाचून घ्या. पुष्कळ साइटींवर ते मराठीत किंवा हिंदीतही मिळतात. हे नियम साइटीगणिक वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून वर्षातून दोनदा वाचा.

दुसऱ्या विक्रेत्याशी बोलायचं असेल तर ते आपल्या फोनवरून, आपल्या नावानं, उघडपणे बोला. गिऱ्हाईक असल्याचं सोंग नको. खोटी ऑर्डर टाकून मग रद्द करायची, हे तर मुळीच नको. आम्ही पाकीट मागवलं ते पैसे भरून मागवलं, आणि मसाला खाल्लाही. चांगला होता.

नंबर कुठून मिळायचा

चोरून काही शोधावं लागत नाही. पाकीटबंद मालाचे २०११ चे वैधमापन नियम आहेत. त्यांच्यानुसार पाकिटावर माल बनवणाऱ्याचं किंवा भरणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, सगळ्या करांसह किंमत, आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. म्हणजे तुमच्या मसाल्यावर तुमचा नंबर आहे आणि तिच्या मसाल्यावर तिचा.

दुसरं, २०२० साली ग्राहक संरक्षण कायद्याखाली ऑनलाइन विक्रीचे नियम आले. ऑनलाइन बाजार चालवणाऱ्यानं विक्रेत्याच्या व्यवसायाचं नाव, पत्ता आणि ग्राहकसेवेचा नंबर गिऱ्हाइकाला दाखवायला हवा, असं त्यात आहे. त्यामुळं बऱ्याचदा मालाच्या पानावर विक्रेत्याच्या नावाला बोट लावलं की माहिती उघडते.

पण एक भान ठेवा. हा नंबर गिऱ्हाइकाच्या तक्रारीसाठी दिलेला आहे. तुम्ही एकदा फोन केलात, कोण ते सांगितलंत, आणि समोरची "नको" म्हणाली, तर विषय संपला. रोज फोन, रोज मेसेज, हे शेजारीपण नव्हे.

याहून सोपी वाट आपल्याकडं आधीपासून आहे. उमेदचे गट असाल तर ग्रामसंघ आहे, प्रभागसंघ आहे, समुदाय संसाधन व्यक्ती म्हणजे आपली सीआरपी ताई आहे. "आजऱ्याकडं घनसाळ तांदूळ ऑनलाइन विकणारा गट कोणता?" असं विचारलं की दोन फोनमध्ये पत्ता लागतो. बचत गटांच्या प्रदर्शनात तर शेजारचाच स्टॉल असतो. ओळखीतून गेलेला फोन गोड लागतो.

भावाचं बोलणं

आता अवघड भाग. आमची मोठी चूक खिडकीची नव्हती, मजकुराची होती. "तुम्ही तीनशे ठेवा, आम्हीही तीनशेच ठेवतो."

तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? दोघीही गरीब, दोघींनाही चार पैसे सुटू देत. आम्हालाही तसंच वाटलं होतं. हिशेब बघा. समजा, अर्धा किलो मसाल्याला मिरची-खोबरं, डंकाचं कांडप आणि मजुरी मिळून १७० रुपये लागतात. पिशवी, लेबल, खोका १५. साइटचं कमिशन आणि पोहोच खर्च मिळून ६५. झाले २५०. तीनशेला विकलं तर ५० सुटतात. समोरचीनं २८० केलं म्हणून आपण २६० केलं तर १० सुटतात. तिनं पुन्हा उतरवलं म्हणून आपण २४५ केलं, की प्रत्येक पाकिटामागं घरचे ५ रुपये जातात. शंभर पाकिटं विकली म्हणून पेढे वाटायचे आणि पाचशे रुपये घालवायचे! म्हणून ठरवून घ्यावंसं वाटतं. ते वाटणं खोटं नाही.

पण कायदा दुसऱ्या बाजूनं बघतो, विकत घेणाऱ्याच्या. आपल्याकडं २००२ चा स्पर्धा कायदा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात सांगितलंय की एकाच धंद्यातल्या वेगवेगळ्या विक्रेत्यांनी मिळून भाव ठरवायचा नाही. मुद्दाम माल कमी काढायचा नाही. "पुणं तुझं, मुंबई माझी" अशी वाटणी करायची नाही. आणि टेंडर भरताना "यंदा तुम्ही जास्त भरा, आम्ही कमी भरतो" असं संगनमत करायचं नाही. हे शेवटचं नीट ऐका, कारण शाळेच्या, अंगणवाडीच्या पुरवठ्याला गटही टेंडर भरतात. असा करार कागदावरच हवा असं नाही. तोंडी ठरलं, व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवला, तरी तो करारच. भावाची अशी टोळी केली तर त्या काळातल्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या दहा टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो.

घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण "आम्ही लहान आहोत" म्हणून या कलमातून सुटका नाही, हे माहीत असावं.

परदेशात तर नेमकं आपल्यासारखंच झालेलं आहे. ब्रिटनमध्ये दोन कंपन्या ॲमेझॉनच्या तिथल्या साइटवर पोस्टर आणि फ्रेमा विकायच्या. एकमेकींच्या दराखाली जायचं नाही, असं त्यांनी आपसात ठरवलं. २०११ पासून २०१५ पर्यंत हे चाललं. दर सांभाळायचं काम त्यांनी संगणकाच्या प्रोग्रॅमवर सोपवलं होतं. शेवटी दोघींपैकी एका कंपनीनं स्वतः जाऊन सरकारी यंत्रणेला सांगितलं, म्हणून तिचा दंड माफ झाला. दुसरीला २०१६ साली १,६३,३७१ पौंडांचा दंड बसला. पोस्टर काही जगण्यामरण्याची वस्तू नाही, तरीही.

मग शेजारणीचा दर बघायचाच नाही का? खुशाल बघा, तो सगळ्यांसाठी लावलेला आहे. तो बघून आपला दर आपण ठरवा, त्यालाही हरकत नाही. खर्च कसा काढायचा, आपली मजुरी कशी धरायची, हे एकमेकींना शिकवायलाही हरकत नाही. पुष्कळ गट मजुरी धरतच नाहीत आणि मग इतक्या स्वस्तात विकतात की स्वतःही बुडतात आणि दुसऱ्यालाही बुडवतात. हिशेब शिकलेली शेजारीण आपणहून २४५ ला विकणार नाही. फक्त "आता आपण दोघी अमुकच लावू" हे वाक्य तोंडातून काढू नका. तिथं थांबा.

एक भाव हवा, तर एक विक्रेता व्हा

कुणीतरी आता म्हणेल, मग गोकुळचं दूध सगळीकडं एका भावानं कसं? लिज्जत पापड एका भावानं कसा?

बरोबर प्रश्न आहे. कोल्हापूर जिल्हा दूध संघ १९६३ साली सुरू झाला. हजारो घरांतली म्हैस वेगळी, गोठा वेगळा. पण दूध संस्थेत घातल्यावर बाजारात विकणारा एकच, तो म्हणजे संघ. लिज्जतचंही तेच. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढं बायका वाढत गेल्या, पण विकणारी संस्था एकच राहिली. संस्था स्वतःच्या मालाचा दर ठरवते, तेव्हा ती स्पर्धकाशी संगनमत करत नसते. आपल्या घरातला भाव ठरवत असते.

यात मेख आहे ती समजून घ्या. चार गट वेगवेगळे राहिले, चार खाती, चार नावं, चार पाकिटं, आणि नुसती एक "असोसिएशन" काढून तिनं सगळ्यांना एक दर सांगितला, तर ते सहकार नव्हे. ते मघाचंच भाव ठरवणं झालं, फक्त नाव बदललं. खरंच एक व्हायचं असेल तर माल एकत्र करावा लागतो. एकच पाककृती, एकच तपासणी, एकच लेबल, एकच खातं, नफ्या-तोट्याची एकच वही. प्रभागसंघाचं युनिट असो, उत्पादक कंपनी असो, सहकारी संस्था असो, कागद कुठला करायचा ते जाणत्याला विचारून ठरवा. आणि एक होणं सोपं नसतं. "माझ्या सासूबाईंचा मसाला" सोडून "आपला मसाला" म्हणावं लागतं. आमच्या दोन गटांनी यावर तीन बैठका घातल्या आणि शेवटी वेगळंच राहायचं ठरवलं. त्यांच्या मसाल्यात खोबरं जास्त, आमच्यात तीळ जास्त, आणि दोन्हीकडची गिऱ्हाइकं चवीला चिकटलेली. वेगळं राहूनही बोलता येतं, ते पुढं बघू.

मग बोलायचं काय?

भरपूर आहे. आमच्या आणि त्या ताईंच्या गटाचं दोन वर्षांत काय बोलणं झालं, तेच सांगतो.

मिरची. दोघींनाही बेडगी लागते आणि गडहिंग्लजकडची संकेश्वरी लागते. एकट्या गटाला पोतं परवडत नाही, सुटी घेतली तर महाग. आता मिरची एकत्र घेतो, पावतीवर कुणाचे किती किलो ते लिहितो, आणि ज्याचे पैसे त्यानं तिथंच द्यायचे. उधारी नाही, म्हणून भांडण नाही.

पिशव्या. छापलेली पिशवी घ्यायची तर कारखानदार हजारोंच्या खाली बोलत नाही. आम्ही कोऱ्या पिशव्या मिळून घेतो आणि आपापलं लेबल चिकटवतो. लेबलवर प्रत्येकीचा स्वतःचा अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक. हा दुसऱ्याचा कधीही वापरू नका, "चार दिवसांपुरता" म्हणूनसुद्धा नाही.

परत आलेली पार्सलं. पाकीट फोडून, अर्धं काढून परत पाठवणारेही असतात. त्या ताईंनी शिकवलं की पार्सल बांधताना वजनकाट्यासकट व्हिडिओ काढायचा आणि परत आलेलं उघडतानाही काढायचा. साइटकडं तक्रार करताना तो कामाला येतो. हे शिकवणं झालं. पण "अमक्या गावची तमकी गिऱ्हाईक, हा तिचा नंबर, तिला माल देऊ नका" असं मात्र आम्ही एकमेकींना पाठवत नाही. गिऱ्हाइकानं पत्ता आणि फोन पार्सल पोचण्यासाठी दिलेला असतो, गावभर वाटायला नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं २०२३ साली केला, त्याचंही मूळ हेच आहे. ज्या कामासाठी माहिती दिली, त्याच कामासाठी ती वापरायची.

गिऱ्हाईक पाठवणं. कुणी आमच्याकडं जवसाची चटणी मागितली तर आम्ही त्यांच्या गटाचं नाव सांगतो, कारण आम्ही ती करत नाही. पण हे आपल्या दुकानात किंवा प्रदर्शनात विचारणाऱ्याला सांगायचं. साइटवरून आलेल्या गिऱ्हाइकाला "बाहेरून घ्या, स्वस्त देतो" म्हणणं बहुतेक ठिकाणी नियमात बसत नाही.

फोटो. दोघींनी तो नमुन्याचा फोटो काढून टाकला. आमच्यातल्या एकीच्या मुलीनं दोन्ही गटांचे वेगवेगळे फोटो काढून दिले. त्यांच्या वाटीत आता त्यांचाच मसाला आहे.

आणि शेवटचं, नाव. हे बोलणं सगळ्यात मोठं. कोल्हापुरी चपलेकडं बघा. बनवणारे कारागीर अनेक, विकणारे अनेक, एकमेकांचे स्पर्धक. पण नाव सगळ्यांचं. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं त्यासाठी एकत्र आली. मग जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इथून आवाज उठला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं, आणि त्या चपलेची प्रेरणा भारतातल्या पारंपरिक पादत्राणांची आहे, हे कंपनीला मान्य करावं लागलं. चपलेचा एक भाव कुणी ठरवला नव्हता. सगळ्यांनी मिळून नाव राखलं. गुळाला आणि आजऱ्याच्या घनसाळ तांदळालाही मानांकन आहे. ऑनलाइन कुणी भलताच गूळ "कोल्हापुरी" म्हणून विकताना दिसला, तर गटांनी एकमेकींना कळवायचं आणि मिळून तक्रार करायची. हे बोलणं हक्काचं आहे.

पहिला फोन कसा करायचा

रागात करू नका. आधी जेवा. मग गटातल्या दोघी मिळून फोन लावा, म्हणजे एक बोलेल आणि दुसरी आवरेल.

असं बोला, "नमस्कार ताई. आम्ही कागल तालुक्यातल्या मसाल्याच्या गटाच्या. तुमचा नंबर तुमच्या पाकिटावरून घेतला. दोन मिनिटं वेळ आहे का? फोटोबद्दल जरा विचारायचं होतं." समोरच्या वयानं मोठ्या वाटल्या तर काकी म्हणा. दराचा विषय त्यांनी काढला तरी म्हणा, "दर तुमचा तुम्ही ठरवा, आमचा आम्ही. दुसरं बोलूया." बोलणं झाल्यावर काय ठरलं ते गटाच्या वहीत दोन ओळींत लिहा. उद्या कुणी विचारलं तर वही दाखवता येते.

आणि समोरून फोन आला तर?

फोन करणारी प्रत्येक बाई शेजारीण असेलच असं नाही. "मीपण विक्रेती आहे, तुमचा माल वर आणून देते, आलेला ओटीपी सांगा" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. ओटीपी, पासवर्ड, बँकेची माहिती सख्ख्या बहिणीलाही नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

"तुम्ही आम्हाला पाच स्टार द्या, आम्ही तुम्हाला देतो" असं म्हणणाऱ्याही भेटतील. गोड वाटतं, पण नको. विक्रेत्यानं गिऱ्हाईक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचं कौतुक लिहायचं नाही, असं २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे. एकमेकींसाठी लिहिलं तरी ते खोटंच. आणि पाच स्टार वाचून ज्या बाईनं मसाला घेतला, तिच्या आमटीत ते स्टार उतरत नाहीत.

कुणी धमकावलं, "दर वाढवा नाहीतर तुमच्या मालाला वाईट रिव्ह्यू टाकतो" असं म्हणालं, तर वाद घालू नका. मेसेज पुसू नका, त्याचा फोटो घ्या आणि साइटकडं तक्रार करा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तीन प्रश्न घ्या. आपल्या साइटचे नियम कुणी वाचलेत? आपल्या पाकिटामागं मजुरी धरून खर्च किती येतो? आणि आपल्यासारखाच माल विकणारा जवळचा गट कोणता, त्यांच्याशी आपलं शेवटचं बोलणं कधी झालं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "कधीच नाही" असेल, तर त्याच बैठकीतून फोन लावा.

यंदाच्या चैत्रात त्या ताईंच्या गटाचा डंक बिघडला. त्यांची ऐंशी किलो मिरची आमच्या गावच्या डंकावर कुटली गेली. कांडपाचे पैसे त्यांनी रोख दिले, आणि जाताना मसाल्याचा एक डबा ठेवून गेल्या. त्यांचा दर अजून आमच्यापेक्षा दहा रुपयांनी कमीच आहे. असू दे. तो त्यांचा आहे.

तुमचे अनुभव आम्हाला कळवा. आता तव्यावरच्या भाकरीकडं बघा. नमस्कार.